पेटी दाराबाहेर

क्षमावणीच्या दिवशी परदेशी असलेल्या मुलाबाळांचे फोन येतात, तसा माझ्या भाचीचाही आला. ती गेली सहा-सात वर्षे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात नोकरीनिमित्त राहते आणि तेथील एका हौशी गायकवृंदात गाते. ‘उत्तम क्षमा, मावशी’ असे म्हणून झाल्यावर ती म्हणाली, ‘मागच्या आठवड्यात आम्ही सगळे आमिशांकडे गाऊन आलो.’ फोनचा आवाज मोठा ठेवलेला होता. शेजारी बसलेल्या सासूबाईंच्या कपाळावर आठी पडली. आमिष म्हणजे मांस, एवढेच त्यांना ठाऊक. दशलक्षण पर्व नुकतेच आटोपलेले, आणि पोरगी आमिषाच्या दारी गाऊन आली म्हणते! त्यांची समजूत घालण्यात पाच मिनिटे गेली.

आमिश हा ख्रिस्ती धर्मातील एक लहानसा, व्रतस्थ म्हणावा असा समाज आहे. बाप्तिस्मा हा जाणत्या वयात, स्वतःच्या समजुतीने घ्यावा असे सोळाव्या शतकात युरोपातील काही लोक म्हणू लागले, तेव्हा कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही राजवटींनी त्यांना तुरुंगात टाकले, बुडवले, जाळले. त्यांच्याच परंपरेतून १६९३ मध्ये याकोब आमान याच्या अनुयायांची शाखा वेगळी झाली आणि अठराव्या शतकात हे लोक पेनसिल्व्हेनियात येऊन वसले. साधा, एकरंगी पोशाख, घोडागाडी, शेती. घरात बाहेरून विजेची तार घ्यायची नाही, शस्त्र हाती धरायचे नाही, शपथ घ्यायची नाही. आपल्याइतका सूक्ष्म अहिंसाविचार त्यांच्याकडे नाही. ते गुरे पाळतात आणि मांसही खातात, तेव्हा सासूबाईंचा संशय अगदीच निराधार नव्हता.

त्यांच्या उपासनेत वाद्य नसते. पाश्चात्त्य गायकवृंदाचे जे भूषण, म्हणजे एकाच वेळी खालच्या-वरच्या तीन-चार स्वरावलींनी गाणे गुंफणे, तेही त्यांना उपासनेत चालत नाही. सर्वांनी एकच चाल, एकाच सुरात म्हणायची. कारण साधे आहे: स्वरावली वेगळ्या झाल्या की कोणाचा तरी गळा उठून दिसतो, आणि गळा उठून दिसला की मान ताठ होते.

भाचीच्या गायकवृंदाला एका शेतकऱ्याने कोठारात गायला बोलावले होते. ती उपासना नव्हती, शेजारधर्माची बैठक होती. तरी अटी होत्याच. विजेवरची पेटी गाडीतच ठेवावी. छायाचित्रे काढू नयेत. पाहुण्यांनी आपले स्वर गुंफून गायला हरकत नव्हती. पण यजमान टाळ्या वाजवणार नाहीत, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ही शेवटची अट मंडळींना सर्वांत जड गेली, असे भाची म्हणाली. गाणे संपले की समोरच्या बाकांवर, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला स्त्रिया, नुसते शांत चेहरे. आवडले की नाही, हे कसे कळायचे?

मग पाहुण्यांच्या विनंतीवरून यजमानांनी त्यांचे एक जुने स्तोत्र म्हटले. ज्या पुस्तकातून ते स्तोत्रे म्हणतात त्याचे नाव ‘आउसबुंड’. १५६४ मध्ये प्रथम छापलेले हे पुस्तक आजही वापरात आहे. त्यातील गाभ्याची स्तोत्रे पासाऊच्या किल्ल्यात १५३५ ते १५४० या काळात कोंडलेल्या बंदिवानांनी रचलेली आहेत. पुस्तकात फक्त शब्द आहेत. चाल लिहिलेली नाही. ती साडेचारशे वर्षे या कानातून त्या कानात आली आहे, आणि येता येता इतकी संथ झाली आहे की रविवारच्या उपासनेत दुसरे म्हणून ठरलेले चारच कडव्यांचे स्तोत्र म्हणायला वीस-वीस मिनिटे लागतात. प्रत्येक ओळीचा पहिला उच्चार एक अग्रगायक एकटा करतो. तो सूर टाकतो, मग सगळे त्यात मिसळतात.

‘तो म्हातारा पहिला सूर टाकायला लागला ना,’ भाची म्हणाली, ‘तेव्हा मला काकूंची आठवण झाली. अंधारातल्या.’

त्या अंधारात ती होती. दहा वर्षांची, माझ्या मांडीला टेकून बसलेली.

ही हकीकत सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीची. ठाकूरद्वारच्या नाक्यापासून फार दूर नसलेल्या एका वाडीत आम्ही तीन पिढ्या राहत होतो. आम्ही मूळचे सोलापूर जिल्ह्यातले दिगंबर जैन. वाडीत ब्राह्मण होते, पाठारे प्रभू होते, कोकणातून आलेली मराठा कुटुंबे होती, आणि समोरच्या इमारतीत कच्छी व गुजराती श्वेतांबर. आमचे बायकांचे भजनी मंडळ सर्वांचे मिळून होते. दर गुरुवारी दुपारी एकीच्या घरी बैठक, आणि गणपतीत व नवरात्रात बाहेरची बोलावणी. गिरगावला ही सवय जुनीच. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला, आणि पुढे कितीतरी वर्षे मेळ्यांची पथके या चाळीतून त्या चाळीत गात हिंडली. आमचे मंडळ त्या मेळ्यांचे फार दूरचे आणि फार थकलेले नातलग, असे म्हणता येईल.

मंडळाचा प्राण म्हणजे पेटीवाल्या काकू. एके काळी त्या उत्तम गात. मग गळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि आवाज गेला. बोलणे राहिले, तेही घोगरे, गाणे संपले. त्या दिवसापासून काकू पेटीतून गात. आम्हा बायकांची पट्टी काळी चार. ती त्यांनी धरून दिली की आम्ही निर्धास्त. कोणी बेसूर झाली तर काकू तोच स्वर जरा दाबून वाजवत आणि तिच्याकडे पाहतही नसत. बोलून दाखवण्यापेक्षा ते बरे, आणि कळायचेही नेमके.

त्या वर्षी समोरच्या इमारतीतील भाभींनी आम्हाला बोलावले. त्या स्थानकवासी. त्यांच्या पर्युषणाच्या एका संध्याकाळी, प्रतिक्रमण झाल्यावर, उपाश्रयात स्त्रिया स्तवने म्हणतात. तुमच्याकडची मराठी स्तवने ऐकायची फार इच्छा आहे, असे त्या म्हणाल्या. मग जरा अडखळत पुढे बोलल्या, ‘पण बेन, पेटी नको हं. ढोलकी, टाळ काही नको. माईक तर नाहीच. आणि दिवा नसतो आमच्याकडे. तुम्ही गळा घेऊन या.’

गुरुवारच्या बैठकीत यावरून चांगलीच ठिणगी पडली. वाडीतील एक वहिनी, मंडळात सर्वांत चांगला गळा त्यांचा, ताडकन म्हणाल्या, ‘वाद्य म्हणजे सरस्वती. तिला चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचे असेल तर मी येणार नाही.’ मी भाभींची बाजू सांगू लागले: ढोलकीला चामडे असते, वीज म्हणजे अग्निकाय जीवांची हिंसा, म्हणून दिवा नाही आणि माईकही नाही. त्यावर वहिनींनी मलाच पकडले. ‘तुमच्या समवसरणाच्या चित्रात देवदुंदुभी वाजते ना हो? मग ती कशाची?’ मला उत्तर सुचले नाही. देवदुंदुभी आठ प्रातिहार्यांतील एक आहेच. श्वेतांबर परंपरेत तर तीर्थंकरांची देशना मालकोश रागात होते असे मानतात. वहिनींचा मुद्दा चूक होता असे मला आजही म्हणता येत नाही.

या भांडणात काकू एक शब्द बोलल्या नाहीत. पेटीचा भाता बंद करून, वर रुमाल पसरून, त्या बसून राहिल्या. आम्हा कोणाच्याही तेव्हा ध्यानात आले नाही की सरस्वतीचा अपमान वगैरे गोष्टी आम्ही बोलत होतो, पण पेटी बाहेर राहिली तर खरोखर बाहेर राहणार होत्या त्या एकट्या काकू.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत. त्यांना सगळी वाडी गुरुजी म्हणे. भांडण जिन्यावर पोहोचले आणि गुरुजी खाली आले. त्यांनी बाजू कोणाचीच घेतली नाही. ‘पंडित खरे माहीत आहेत का?’ एवढेच विचारले. आम्हाला माहीत नव्हते. पुढे मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचले. त्या सायंकाळी गुरुजींनी सांगितले आणि नंतर मला कळले, ते आता एकत्रच सांगते.

विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव गिरगावकरांना सांगायला नको. कुरुंदवाडला १८७२ मध्ये जन्म, लहानपणी फटाक्याने दृष्टी गेलेली, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण. १९०१ मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ मध्ये ते मुंबईत आले. सँडहर्स्ट रस्त्यावर, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई पटेल मार्गावर, त्यांच्या विद्यालयाची मोठी वास्तू उभी राहिली. पुढे कर्जापायी ती गेलीही. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातील आणि कोठीवरील गाणे चारचौघांच्या घरात आणावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. त्यांचे शिष्य गावोगावी गेले, तसाच एक शिष्य गेला साबरमतीला.

गांधीजींनी १९१५ मध्ये कोचरब येथे आश्रम काढला आणि १९१७ मध्ये तो साबरमतीच्या काठी हलवला. प्रार्थनेसाठी एक चांगला गाणारा हवा, असे त्यांनी पलुस्करांना कळवले. पलुस्करांनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवले. ते साल १९१८.

खरे कोठे जाऊन पोहोचले, याचा आपण जैनांनी जरा विचार करावा. आश्रमाची व्रते अकरा. त्यांतील पहिली पाच, अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि असंग्रह, ही आपल्याला लहानपणापासून पाठ. पुढच्यांत एक आहे अस्वाद: जिभेचे लाड करायचे नाहीत. जेवण देहधारणेपुरते, बेचव म्हणावे असे. पहाटे चारच्या सुमारास घंटा. संडास साफ करण्यापासून सूत कातण्यापर्यंत प्रत्येकाला सगळी कामे. जेथे जिभेला स्वाद वर्ज्य, तेथे कानाला तो चालेल काय? मैफलीत तासभर एक राग फुलवण्याची तालीम घेतलेल्या गवयाने अशा ठिकाणी करावे तरी काय?

गाण्याविषयीच्या या शंकेला आपल्या भाषेनेच एक पेच घालून ठेवला आहे. राग म्हणजे गाण्यातला राग. राग म्हणजे आसक्ती. आणि रोजच्या मराठीत राग म्हणजे संतापही. ज्याचा राग आणि द्वेष सरला तो वीतराग. त्या वीतरागासमोर बसून आपण भूप, भैरवी, खमाज गातो. हा विरोध खरा की शब्दापुरता, यावर आपल्या पंथोपपंथांनी आपापली उत्तरे दिली. कोणी स्नात्रपूजेला सनई-तबला आणला. कोणी वाद्य सोडले आणि फक्त कंठ ठेवला. दोघांनाही वीतरागच हवा होता.

खरे यांनी केले ते असे. राग सोडला नाही. रागाचा विस्तार सोडला. ताना गेल्या, आलापी गेली. उरली चाल आणि ताल, तेही शंभर माणसे एकत्र म्हणू शकतील इतके. त्या शंभरांत कसलेला गळा एखादाच. बाकी विणकर, विद्यार्थी, गवळी, मुले, निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या स्त्रिया. ‘रघुपति राघव’ची चाल पलुस्करांच्या नावाशी जोडली जाते. ती टाळीच्या तालावर म्हणता येते आणि तिला दुसऱ्या वाद्याची गरज लागत नाही. नदीकाठच्या उघड्या वाळवंटात, छपराविना, अशी प्रार्थना रोज दोन वेळा होऊ लागली. तिच्यासाठी जमलेल्या पदांची ‘आश्रम भजनावली’ झाली. ते पुस्तक उघडले की साध्या राहणीच्या त्या पानांवर पदाच्या माथ्याशी रागाचे आणि तालाचे नाव दिसते. आमिशांच्या पुस्तकात चाल नाही आणि इथे तीच नावानिशी सांगितलेली. हा पलुस्करांच्या शाळेचा छाप, असे मला वाटते. तो आश्रमाने पुसला नाही.

भजनावलीत तुकारामादी मराठी संत आहेत, नरसी मेहता आणि मीरा आहेत, कबीर, तुलसी, सूर आहेत, इंग्रजी ख्रिस्ती स्तोत्रे आहेत. आणि श्रीमद् राजचंद्रांचे ‘अपूर्व अवसर’ हे एकवीस कडव्यांचे गुजराती पदही आहे. हिऱ्यामोत्यांचा व्यापार करणाऱ्या या जैन तत्त्वज्ञाची आणि गांधीजींची पहिली भेट १८९१ च्या जुलैमध्ये मुंबईतच झाली होती. गुणस्थानांच्या पायऱ्या चढत मुक्तीपर्यंत जाणारे ते पद कुळांनी जैन नसलेल्या माणसांच्या ओठी बसले, ते प्रार्थनेत गायले जात असल्यामुळे. पुढे काही वर्षांनी प्रार्थनेत आणखी भर पडली. रेहाना तय्यबजींमुळे कुराणातील आयत आली, एका जपानी भिक्षूमुळे बौद्ध मंत्र आला, डॉ. गिल्डर यांच्यामुळे पारशी प्रार्थना आली. आश्रमाने गवई घरात घेतला खरा, पण दार एकदा उघडल्यावर आत येणारा तो एकटाच राहिला नाही.

१९२४ च्या आरंभी गांधीजी शस्त्रक्रियेनंतर पुण्याच्या ससून रुग्णालयात होते, तेव्हा गायक दिलीपकुमार राय त्यांना भेटायला गेले आणि त्यांनी मीरेचे भजन म्हटले. तुमच्या कठोर जीवनात कलेला जागा नसेल असा माझा समज होता, असे राय यांनी बोलून दाखवले. गांधीजींनी तो साफ नाकारला. संगीताने आपल्याला अनेकदा शांती दिली आहे, आणि वैराग्य हीच सर्वांत मोठी कला होय, अशा आशयाचे ते बोलले. हे संभाषण वाचताना मला राहून राहून वाटते की ज्या माणसाने गेली सहा वर्षे पहाटेच्या काळोखात उठून शंभर बेसूर गळ्यांना एका सुरात आणले होते, त्याचा उल्लेख येथे व्हायला हवा होता.

खरे यांच्याविषयीची एक गोष्ट गुरुजींनी सांगितली तेव्हा बैठकीत कोणी बोलेना. १९३० च्या प्रारंभी आश्रमात देवीची साथ आली. काही मुले दगावली. त्यांत खरे यांचा लहान मुलगाही होता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १२ मार्चच्या सकाळी, गांधीजी अठ्ठ्याहत्तर सोबत्यांसह दांडीला निघाले. त्या अठ्ठ्याहत्तरांत खरे होते, आणि प्रत्येक मुक्कामी प्रार्थना म्हणण्याचे काम त्यांचेच होते. ६ एप्रिलला दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचलले जाईपर्यंत ते गात राहिले. हाती एकतारी. तबला नाही, पेटी नाही. त्याच वर्षी येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी मीराबेनसाठी भजनावलीतील पदांचा इंग्रजीत अनुवाद केला. आमिशांचे पुस्तक तुरुंगात जन्मले, आणि आश्रमाचे तुरुंगात जाऊन दुसऱ्या भाषेत उतरले.

१९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा काँग्रेसच्या वेळी खरे तेथे गेले असता न्युमोनियाने वारले.

गुरुजी उठून गेले. वहिनी म्हणाल्या, ‘ते सगळे ठीक, पण एकतारी तर होती ना त्यांच्या हातात!’ आणि त्या आल्या नाहीत. आम्ही नऊ जणी गेलो, आणि भाची.

उपाश्रयात पोहोचलो तेव्हा संधिप्रकाश होता. बसेपर्यंत अंधार झाला. खिडक्यांतून रस्त्याच्या दिव्यांचा थोडा उजेड येई, तेवढाच. प्रतिक्रमण आटोपून श्राविका कटासने आवरत होत्या. पांढऱ्या वस्त्रांच्या आकृती हलत होत्या, चेहरे दिसत नव्हते. त्या वर्षी गणेश चतुर्थी तोंडावर आलेली; कोठे तरी मंडप ठोकण्याचे काम चालले होते, आणि गणपतीच्या मिरवणुकीसाठी ताशाची तालीमही दूर कोठे सुरू होती. भाभींनी हळूच सांगितले, ‘हवे तेव्हा सुरू करा.’

आणि आम्हाला सुरू करता येईना. महतिसागरांचा एक अभंग घ्यायचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सोलापूरकडे होऊन गेलेले हे दिगंबर ब्रह्मचारी, त्यांची समाधी दहीगावला आहे. त्यांचे अभंग माझी आजी जात्यावर म्हणत असे. शब्द सर्वांना पाठ होते. पण पट्टी? वर्षानुवर्षे पेटीने हातात दिलेला सूर आम्ही घेत आलो होतो. स्वतःचा कोणापाशी नव्हता. एकीने उचलला तो फार वरचा लागला. दुसरीने खाली घेतला तर कोणाला शब्दच उमटेनात. अंधारात कोणीतरी हसू दाबले. मला घाम फुटला.

तेवढ्यात मागून एक घोगरा, चिरलेला आवाज आला. त्याला गाणे म्हणता आले नसते. एकच सूर, जेमतेम चार क्षण टिकलेला. काळी चार. काकूंच्या गळ्यातून आलेला तो सूर शस्त्रक्रियेनंतर आम्ही कधी ऐकलाच नव्हता, कारण पेटी जवळ असताना तो काढण्याची त्यांना गरजच पडली नव्हती. आम्ही त्यात मिसळलो. प्रत्येक कडव्याच्या तोंडाशी काकूंनी तेवढाच सूर टाकला आणि त्या गप्प झाल्या.

आमचे गाणे उत्तम झाले असे मुळीच म्हणवत नाही. तिसऱ्या अभंगापर्यंत आम्ही निदान एक स्वर खाली उतरलो होतो, हे काकूंनीच दुसऱ्या दिवशी सांगितले. टाळ्या नव्हत्या. गाणे संपल्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही. मग एका वृद्ध श्राविकेने त्यांच्याकडचे एक गुजराती स्तवन सुरू केले, आणि त्याला ठेका म्हणून काही नव्हतेच. श्वास संपेल तेथे ओळ थांबे. आम्हाला सवय टाळाची. आम्ही पुढे पुढे पळत होतो आणि त्या मागे राहत होत्या. तिसऱ्या कडव्याला कोठे आमचे पाय जमिनीला लागले. ते स्तवन आम्ही नंतर शिकून घेतले. मंडळात ते पेटीवर बसवताना काकू कुरकुरल्या, ‘याला पेटी नको आहे. पेटी याला घाई करते.’ तरी आम्ही ते पेटीवरच म्हणत आलो. भाभींकडे गेलो की तसे, आमच्याकडे असे.

वहिनी त्या वर्षी आल्या नाहीत, दुसऱ्या वर्षी आल्या. का आल्या ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आता ती वाडी नाही. पुनर्विकासात चाळ पाडली. मंडळ विरार, डोंबिवली, बोरिवली असे पांगले. काकू आणि गुरुजी दोघेही गेले. भाभी अजून त्याच भागात राहतात. जैनांच्या दोन परंपरा असल्यामुळे त्यांची ‘मिच्छामि दुक्कडम्’ची चिठ्ठी माझ्या क्षमावणीच्या आधी येते.

भाचीच्या फोनला एक कारण होते. तिच्या गायकवृंदाला पुढच्या हंगामात त्या कोठारात पुन्हा बोलावले आहे. या वेळी आपल्याकडचे एक स्तवन सर्वांना शिकवावे आणि तेथे एकाच सुरात म्हणावे, असे तिच्या मनात आहे. संचालकांनी होकार दिला आहे. मात्र अर्थ आधी यजमानांना सांगायचा, त्यांना चालला तरच म्हणायचे, असे ठरले आहे. तिला त्या गुजराती स्तवनाचे शब्द हवे होते आणि चाल नीट आठवत नव्हती.

‘काकूंची पेटी कोणाकडे आहे, मावशी?’

पेटी माझ्याकडेच आहे. भात्याच्या एका घडीतून वारा जातो, आणि दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. फोन तसाच चालू ठेवून मी ती कपाटावरून उतरवली, रुमाल काढला आणि काळी चार धरली. पलीकडून भाची गुणगुणू लागली. सासूबाईंनी मला थांबवले. ‘पेटी राहू दे,’ त्या म्हणाल्या, ‘तिला तशीच म्हणून दाखव.’